सहा चमचे गोड

३ एप्रिल १९८८, रविवार

शर्टावर पांढरे नकाशे! दुपारी दीडला गोपीनाथ दारात आला तो चौकटीला धरूनच. शर्ट धुवायला घेतला तर पाठीवर, काखेत मिठाचे पट्टे. बोट लावून चाखलं. 'शी! काय करतेस?' म्हणे. पोटऱ्यांत गोळे आलेले, लिंबाएवढे. चोळून चोळून माझीच बोटं दुखली.

मुरबाडला जाऊन आला. ऐंशी किलोमीटर, बरोबर दोन बाटल्या साधं पाणी. सराव म्हणे! वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपवाल्यांची दर मे महिन्यात सायकलफेरी असते — ठाण्याहून इगतपुरी आणि परत ठाणे, दोनशे किलोमीटर, दिवस मावळायच्या आत. हा तीन वर्षं जातोय आणि तीन वर्षं कसारा घाटात पाय धरून बसतोय. रघु, याच्या शेजारच्या लेथवरचा दोस्त, दरवर्षी पूर्ण करतो. ते याला लागतं. बोलत नाही, पण लागतं.

(समोर 'अहो', इथे गोपीनाथ. वहीला कुठे कान आहेत!)

५ एप्रिल

दवाखान्यात जुलाबाची सात पोरं. माझं रोजचं पाठांतर — लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचे सपाट. साखर नसेल तर गूळ. मग प्रत्येक आईला, 'आता तुम्ही मला परत सांगा बघू.' बायका हसतात, पदर तोंडावर घेतात. पण परत सांगितल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही. मागे एकीने अर्ध्याचे अडीच चमचे ऐकले होते.

सातव्या पोराला चमच्याने पाजताना डोक्यात आलं — घामातून काय आणि जुलाबातून काय, जातं ते पाणी आणि मीठच ना? या पोरांना आपण नुसतं पाणी देत नाही. मग नवऱ्याला का?

८ एप्रिल

बोलले एकदाची. हसला. 'मी काय तान्हा आहे? जुलाबाचं औषध पीत घाट चढू?'

सासूबाई मध्येच म्हणाल्या, 'आमच्याकडं शेतावर कोकमाचं आगळ न्यायची माणसं, पाण्यात घालून. त्यात सगळं आलं गो.' मी म्हटलं, आई, आगळात मीठ किती ते कुणी मोजलेलं असतं का? मापात हवं. जरा जास्तच नर्सबाई झाले मी.

१० एप्रिल, रविवार

प्रयोग! निघायच्या आधी त्याला कोपऱ्यावरच्या कोळशाच्या वखारीत काट्यावर उभं केलं. एकसष्ट किलो. बदलापूरच्या दोन चकरा मारून आल्यावर साडेएकोणसाठ. वाटेत दोन लिटर पाणी प्यायलाय, तरीसुद्धा! म्हणजे साडेतीन लिटर घाम. वखारवाला म्हणतो, 'वहिनी, नवरा विकायला काढलाय की काय?' चाळभर झालं ते.

१७ एप्रिल, रविवार

आज पहिल्यांदा माझं पाणी नेलं. वर लिंबू पिळून. 'मेलेलं सरबत' असं नाव ठेवलंन. पण प्यायला. आणि गोळे? नाहीत! एक पण नाही. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला. मी नुसती बघत उभी राहिले. 'कळलं, कळलं,' म्हणाला.

२२ एप्रिल

आज बोलणी खाल्ली. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला, मी आमटी चाखली आणि बोलून गेले, मीठ कमी आहे. झालं! 'दिवेलागणीनंतर नाव घेऊ नये गो त्याचं. गोड म्हणावं.'

ही त्यांच्या संगमेश्वरकडची रीत. दिवा लागला की मीठ कुणाला द्यायचं नाही, कुणाकडे मागायचं नाही, नावसुद्धा घ्यायचं नाही. मिठाला म्हणायचं गोड! आमच्या सोलापूरकडे असलं काही ऐकलं नव्हतं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी माझ्या जिभेला वळण नाही. आमटीत गोड कमी — म्हणताना हसूच येतं. पण म्हणते. म्हातारीला बरं वाटतं, माझं काय जातं.

१ मे, रविवार

खर्डीपर्यंत जाऊन आला! गोळे नाहीत, डोकेदुखी नाही. पुढच्या रविवारची पुडी स्वतःहून मागितली. मी अर्धा-अर्धा चमचा मिठाच्या पुड्या बांधून ठेवते, साखर आयत्या वेळी. रघुला सांगत होता, 'आमच्या घरचं पाणी आहे ते.' आमच्या घरचं! आज मला फार बरं वाटतंय, उगीच लपवू कशाला.

८ मे, रविवार

पुढच्या रविवारी फेरी. चेन उतरवून रॉकेलमध्ये धुतली. सासूबाई आडून विचारत होत्या, 'एवढं खारं पाणी सोसतं का गो त्याला?' महिनाभर माझ्या तोंडी मीठ, मीठ आणि मीठच; त्यांना वाटलं असणार, सून पोराला मिठागरात लोळवतेय. म्हटलं, घामातून जातं तेवढं तर भरायला हवं ना आई? 'तू शिकलेली,' म्हणाल्या.

१५ मे, रविवार. सकाळ. टिटवाळा.

एव्हाना कुठे असेल? शहापूर मागे पडलं असेल.

काल संध्याकाळी इथे धाकट्या बहिणीकडे यावं लागलं. मंदाकिनीच्या बाळाला जुलाब, डोळे खोल गेलेले, ती रडून रडून अर्धी. सगळं ऐन वेळी! निरोप आला तेव्हा गोपीनाथ टायर बदलायला गेलेला. दोन्ही बाटल्यांत मी एकेक पुडी टाकून ठेवली. साखरेचा डबा तळाला लागलेला, गूळ मात्र होता. देवापुढे दिवा लागलाच होता, त्याला हात जोडले आणि चपला घालता घालता ओरडले, 'आई, पुड्या मी घातल्यात! पाणी भरा आणि बाटलीला सहा-सहा चमचे गोड घाला तेवढं!' 'बरं गो,' आतून आवाज आला. वाटेसाठी चार पुड्या त्याच्या पिशवीत ठेवल्यात, साखर टपरीवर मिळेल.

बाळ आता बरं. सकाळी स्वतःहून वाटीला हात घातला. दुपारच्या गाडीने घरी. आज तो पूर्ण करणार!

१८ मे

कल्याण. हॉस्पिटल. तीन दिवस वही उघडली नाही. अजून नीट ओळखत नाही मला.

१९ मे

आज 'कांता' म्हणाला. दोनदा.

रघुने सगळं सांगितलं तसं लिहून ठेवते. घाट चढला! इगतपुरीला चहा प्यायला, सगळ्यांशी बोलला. पण सबंध वाटेत नुसतं साधं पाणी. टपरी, नळ, विहीर, दिसेल तिथे. 'दहा बाटल्या तरी झाल्या असतील, वहिनी. मीच सांगत होतो, पी, पी, ऊन आहे.' घाट उतरल्यावर असंबद्ध बडबडायला लागला. ओकला. आटगावच्या अलीकडे सायकलसकट रस्त्याकडेला पडला, आणि झटके. टेम्पोत घालून कल्याणला आणलं.

मी डॉक्टरांना म्हटलं, पाणी कमी पडलं ना? म्हणाले, 'उलटं. पाणी जास्त झालं. घामात मीठ गेलं, वरून साध्या पाण्याचा मारा. रक्तातलं मीठ पार पातळ झालंय. उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.'

आणि माझ्या बाटल्या? रघु खाली बघत म्हणाला, 'त्या शीळफाट्यालाच ओतल्या. पहिल्याच घोटाला ओकला. पुड्या पण फेकल्या.'

२१ मे

विचारलं त्याला. विचारायला नको होतं, पण विचारलं. 'खारट होतं गं. घशाखाली उतरेना.'

खारट! लिटरला अर्धा चमचा? महिनाभर तेच पीत होता की! चव आवडली नाही तर तसं सांगायचं, मरायला काय निघायचं! मी रडत रडत ताडताड बोलले, रघुसमोर, सासूबाईंसमोर. 'साखरेचा डबा तळाला लागलेला, तरी जाताना आईंना बजावून गेले होते मी, सहा-सहा चमचे गोड घाला म्हणून. तरी उतरेना तुम्हाला?'

गोपीनाथने आईकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. मी आवाज चढवला म्हणून असेल. मग तो म्हणाला, 'माझंच चुकलं. जाऊ दे.'

३० मे

घरी. अजून जिना चढताना हात धरावा लागतो. सायकल रघुने आणून दिली, हँडल वाकलेलं. गोपीनाथने ती गॅलरीत वरच्या खिळ्याला टांगायला लावली.

६ जून

सासूबाईंनी मीठ सोडलं. त्यांची भाजी-आमटी वेगळी काढायची, अळणी. किती दिवस? — 'बघू.' कसला नवस? — 'हाय एक.' पोर वाचलं म्हणून असेल. घरात सध्या कुणी फारसं बोलत नाही.

१४ ऑगस्ट

सायकल खिळ्यावर. चेनला गंज.

२ नोव्हेंबर

आज दवाखान्यात एक बाई म्हणाली, 'सिस्टर, तुमच्या पाण्यानं लेक वाचला माझा.' साडीचा काठ माझ्या हातावर दाबून रडली. मला आनंद व्हायला हवा होता. मनात आलं, आठवड्याला शंभर बायका माझं ऐकतात, आणि ज्याला जीव लावून मापून दिलं त्याने ते रस्त्यात ओतलं. सहा महिने झाले तरी हे जात नाही. कद्रूपणा आहे माझा. असू दे, आहे तो आहे.

त्याला कधी विचारते, फिरून या ना सायकलवर, शीळफाट्यापर्यंत तरी. 'नको.' भीती वाटते का? — 'नाही.' मग? मग काही नाही. पेपर.

१५ जानेवारी १९८९

संक्रांतीचं तिळाचं वाटप. सासूबाई अजून अळणीवरच. आठवा महिना! म्हटलं, आई, नवस फिटला असेल आता. देव एवढा कठोर नसतो. तर म्हणाल्या, 'देवाचा नाय तो.' मग कुणाचा? उठून आत गेल्या.

१९ मार्च, रविवार

रघु आला. 'यंदा चौदा मेला फेरी. येतोस?' गोपीनाथने खिळ्याकडे बघितलं, मी पाहिलं ते. 'नाही,' म्हणाला. रघु जाताना माझ्याकडे वळून म्हणाला, 'वहिनी, तुम्ही सांगा ना त्याला.' मी काय सांगू! माझ्या सांगण्याला या घरात काय किंमत, ते शीळफाट्याच्या धुळीला विचार. असं मनात. तोंडाने म्हटलं, चहा घेऊन जा.

२१ एप्रिल १९८९, शुक्रवार

आजच लिहायला हवं.

चार दिवस भयंकर उकाडा. संध्याकाळी सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला, वळल्या, आणि मोरीच्या कट्ट्याशी खाली बसल्या त्या उठेचनात. डोळे फिरलेले. नाडी बारीक, बीपी नव्वदसुद्धा नाही. वर्षभर अळणी आणि हा उन्हाळा, दुसरं काय होणार! गोपीनाथ घरीच होता. त्याने मांडीवर डोकं घेतलं, मी तांब्यात जलसंजीवनी करायला घेतली. त्यांनी डोळे उघडले, मी काय करतेय ते पाहिलं आणि मनगट धरलं.

'गोड नको घालू गो. मला गोड नको.'

मी म्हटलं, अहो आई, थोडी साखर लागतेच यात. 'साखर घाल. गोड नको. सोडलाय मी.'

हातातला चमचा तसाच राहिला. देव्हाऱ्यातला दिवा समोर. मागच्या वर्षीचा दिवा. माझ्या पायात चपला. सहा-सहा चमचे गोड घाला तेवढं!

'आई,' मी म्हटलं, 'त्या दिवशी तुम्ही बाटल्यांत काय घातलंत?'

'तू सांगितलंस तेच ना गो. गोड. सहा-सहा चमचे. मनात आलं, एवढं? पण महिनाभर तू तेच बोलत होतीस, घामातून जातंय, भरायला हवं. मी म्हटलं, शिकलेली हाय, तिला ठावं.' मग रडायलाच लागल्या. 'हास्पिटलात तू साखरेच्या डब्याचं बोललीस तेव्हा मला कळलं. माझ्या हातानं पाजलं मी पोराला. तुला कसं सांगू? तू म्हणशील, सासूनं मुद्दाम केलं.'

बारा चमचे मीठ. दोन बाटल्यांत. आणि वर माझ्या पुड्या!

गोपीनाथ आईच्या कपाळावरून हात फिरवत राहिला. आश्चर्यही वाटलं नाही त्याला. म्हणजे त्याला माहीत होतं.

२२ एप्रिल

सासूबाईंना सकाळी बरं. पाणी पाजलंच मी, औषध म्हणून, मिठासकट.

गॅलरीत गोपीनाथला विचारलं, कधी कळलं? 'तू हॉस्पिटलात गोड म्हणालीस तेव्हा. शीळफाट्याला नाही कळलं. तेव्हा वाटलं, तूच या खेपेला मीठ वाढवलंस. तुझ्यावर इतका चिडलो होतो की पुड्या फेकल्या. मग आईचा चेहरा बघितला.' मला का नाही सांगितलंत? 'सांगून काय? तुझं नाव घेतलं तर तू मोडशील, तिचं घेतलं तर ती. म्हटलं, माझंच घेऊ.' आणि सायकल? 'परत निघालो असतो तर परत बाटल्या भरायचा विषय निघाला असता ना.'

वर्षभर मी याला हट्टी समजत होते. मनातल्या मनात किती बोलले!

दिवसभर विचार करतेय. चूक कुणाची? सासूबाईंची नाही. त्यांच्या घरात दिवा लागला होता, आणि त्या वेळी गोड म्हणजे काय हे त्यांनी मला शिकवलं होतं. मी हसले होते. गूळ-साखर दोन्हीसाठी एकच शब्द पटकन तोंडात आला, आणि मी त्यांचा शब्द त्यांच्याच वेळेला, माझ्या अर्थाने वापरला. आणि सगळ्यात लाज याची वाटते — पालिकेच्या दवाखान्यात अनोळखी बायकांना मी परत सांगायला लावते. घरच्या माणसाला दारातून ओरडून सांगितलं आणि पळाले. थांबून एकदा म्हटलं असतं, 'आई, परत सांगा बघू,' तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

२३ एप्रिल, रविवार

सासूबाईंच्या पाया पडले. म्हटलं, चूक माझी, आता जेवणात मीठ घ्या. 'तो इगतपुरीस्नं हसत परत येईतो नाय.' म्हातारी ऐकत नाही! जेवण अळणीच, पण दुपारी एक पेला पाणी औषध म्हणून घेईन म्हणाल्या. त्यावर तोड.

गोपीनाथ ऐकत होता. संध्याकाळी स्टूल घेतलं आणि सायकल खिळ्यावरून उतरवली. मी आणि सासूबाई दोघी गॅलरीत उभ्या.

३० एप्रिल, रविवार

मुरबाड. वखारीत वजन, आधी चौसष्ट (बसून खाल्लंय वर्षभर!), नंतर त्रेसष्ट. वखारवाला म्हणे, 'अजून विकला नाही?'

आज मी आगळाची बाटली काढून सासूबाईंपुढे बसले. म्हटलं, यात मीठ किती घालता, दाखवा. त्यांनी तीन बोटांत धरून दाखवलं, मी चमच्यावर सपाट करून मोजलं. दहादा धरलं, दहादा तेवढंच! माझ्या मोजण्याहून त्यांची बोटं बरी. मागच्या वर्षीचं बोलणं आठवून तोंड लपवावंसं वाटलं. आता आगळातलं आणि पुडीतलं मीठ मिळून बरोबर अर्धा चमचा. गोपीनाथ म्हणतो, पहिल्यांदाच हे पाणी पाण्यासारखं लागतंय.

७ मे, रविवार

खर्डी. छान. पण वाटेत तो पुलाखाली उतरून बराच वेळ बसला होता, असं रघु सांगत होता. मला घरी बोलला नाही. भीती आहे. मलाही आहे.

१३ मे १९८९, शनिवार

उद्या फेरी. दिवेलागण झाली. गोपीनाथ चेनला तेल देतोय, मी बाहेरच्या खोलीत वाटेच्या पुड्या बांधत होते. बाटल्या सासूबाईच भरणार, तसा हट्टच धरला त्यांनी. देव्हाऱ्यातला दिवा समोर, ओट्यावर दोन्ही डबे. आणि आतून आवाज आला, चाळीत चार घरं ऐकतील एवढ्या मोठ्यानं —

'कांता, परत सांगते, ऐक गो! साखर सहा चमचे. मीठ अर्धा. मीठ! बरोबर ना?'